एफ-४६ म्हणजे नेमकं काय? पॅरालिम्पिकमधले गट, सोप्या भाषेत

४ सप्टेंबर २०२४. पॅरिसच्या स्टाड द फ्रान्स मैदानावर पुरुषांच्या गोळाफेकीची अंतिम फेरी, गट एफ-४६. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने १६.३२ मीटरवर गोळा टाकला. आशियाई विक्रम झाला आणि रौप्यपदक मिळालं. सुवर्ण गेलं कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टकडे, १६.३८ मीटरवर. अंतर फक्त सहा सेंटीमीटरचं.

आता या दोघांकडे नीट पाहा. स्टुअर्टची उंची ७ फूट २ इंच. त्याचा डावा हात जन्मापासूनच कोपराच्या खाली नाही. सचिनचे दोन्ही हात जागेवर आहेत, पण शाळेत असताना सायकलच्या अपघातात डाव्या हाताला मार बसला, गँगरीन झालं आणि कोपर पुन्हा कधी पूर्ववत झालं नाही. एकाला अर्धा हातच नाही, दुसऱ्याला हात आहे पण तो कामाचा नाही. वर एक जण दरवाजात वाकून शिरेल इतका उंच. तरी दोघे एकाच गटात! हा न्याय आहे का, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. तो रास्त आहे आणि त्याचं उत्तरही आहे. ते कळलं की भारताच्या पथकाने पॅरिसहून आणलेली २९ पदकं वेगळ्या नजरेने बघता येतात.

कुस्तीत ५७ किलोचा मल्ल ९७ किलोच्या मल्लाशी लढत नाही, कारण तिथे निकाल वजनानेच लागला असता, डावाने नाही. पॅरा-खेळांतल्या गटांमागे हाच विचार आहे. ज्याचं अपंगत्व कमी तोच जिंकला, असं होऊ नये. एका गटात सगळ्यांच्या अपंगत्वाचा खेळावर होणारा परिणाम साधारण सारखा असावा आणि मग ज्याचं कसब, ताकद, सराव आणि जिद्द जास्त त्याने जिंकावं. फरक इतकाच की वजन काट्यावर दिसतं. अपंगत्व मोजायला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि त्या खेळाचे जाणकार बसवावे लागतात, आणि त्यांनाही काही प्रमाणात अंदाज बांधावाच लागतो.

म्हणूनच स्टुअर्टची उंची गट ठरवताना धरली जात नाही. उंची ही त्याची नैसर्गिक देणगी आहे, जशी एखाद्या वेगवान गोलंदाजाची असते. एका हाताच्या अक्षमतेमुळे गोळा फेकताना किती अडचण येते, एवढंच पाहिलं जातं. सात फुटी माणसाशी झुंजून सचिन सहा सेंटीमीटरने मागे राहिला, ही त्याच्या तयारीची मोठी पावती आहे असं मला मनापासून वाटतं.

कुणी विचारेल, गोळा तर चांगल्या हातानेच फेकायचा, मग दुसऱ्या हाताने काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. गोळा सुटायच्या आधी मोकळा हात जोरात मागे खेचून छाती उघडायची असते, आणि गिरकी घेताना तोल त्याच हातावर असतो. त्याहून मोठी अडचण व्यायामशाळेत येते. गोळाफेकपटूची ताकद बारबेल उचलून येते आणि बारबेलला दोन हात लागतात. वर्षानुवर्षं एका बाजूने कमी वजन उचलायचं आणि तरी १६ मीटरच्या पुढे जायचं, हे सोपं काम नाही.

आता गट ठरतो कसा, ते पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला ठेवली पाहिजे, कारण आपल्याकडे सर्वाधिक घोळ तिथेच होतो. जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र आणि खेळातला गट यांचा थेट संबंध नाही. ४० टक्के अपंगत्व ही अट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली, म्हणजे आरक्षण आणि सरकारी सवलतींसाठीची. ६० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेला माणूस एखाद्या खेळात पात्रच ठरणार नाही आणि ४० टक्केवाला ठरेल, असंही होऊ शकतं. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार कितीही गंभीर असला तरी तेवढ्यावर पॅरालिम्पिकला प्रवेश नाही.

प्रवेश कुणाला, याची यादी ठरलेली आहे. स्नायूंची ताकद कमी असणं, जसं पोलिओत किंवा मणक्याच्या दुखापतीत होतं. सांधे पूर्ण न हलणं. हात किंवा पाय नसणं. दोन पायांच्या लांबीत फरक असणं. खुजी उंची. मेंदूच्या इजेमुळे स्नायूंचा ताठरपणा, हालचालीत ताळमेळ नसणं, किंवा नकळत होणाऱ्या हालचाली. दृष्टिदोष. आणि बौद्धिक अक्षमता, पण ही फक्त ॲथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस या तीन खेळांत. कर्णबधिर खेळाडू या यादीत नाहीत. त्यांची डेफलिम्पिक ही वेगळी स्पर्धा १९२४ पासून भरते आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची स्पेशल ऑलिम्पिक्स ही आणखी तिसरीच गोष्ट. वर्तमानपत्रं या तिन्हींची सरमिसळ करतात आणि मग कुणाच्या कौतुकाच्या बातमीत कुणाचं तरी नाव छापून येतं.

यादीत नाव असलं तरी ते पुरेसं नाही. त्या खेळात अडथळा येईल इतकं किमान प्रमाण लागतं. ॲथलेटिक्समध्ये दोन पायांच्या लांबीतला फरक निदान ७ सेंटीमीटर हवा. खुज्या उंचीच्या गटांत पुरुषाची उंची १४५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, स्त्रीची १३७ पेक्षा जास्त नको. एखादं बोट नसणारा माणूस रोजच्या कामात अडत असेल, पण धावण्याच्या शर्यतीत त्याला पॅरा-खेळाडू मानत नाहीत.

यातून पार पडलेल्या खेळाडूची तपासणी निदान दोन तज्ज्ञांचं मंडळ करतं. टेबलावर झोपवून एकेका स्नायूची ताकद तपासतात, सांधे किती वळतात ते मोजतात. मग त्या खेळातल्या हालचाली करून दाखवायला लावतात. शेवटी प्रत्यक्ष स्पर्धेतही त्याच्याकडे लक्ष ठेवतात, कारण तपासणीच्या खोलीत न उचलला गेलेला हात मैदानावर उचलला जातो का, हे तिथेच कळतं. यानंतर खेळाडूला गट मिळतो आणि त्यासोबत एक दर्जा: नवा, पुन्हा तपासायचा, किंवा कायम. पाय कापलेल्याचा गट सहसा एकदाच ठरतो. ज्यांचा आजार वाढत जातो किंवा ज्यांचं वय कमी आहे, त्यांना पुन्हा पुन्हा मंडळासमोर जावं लागतं.

गटाचं नाव म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा. ॲथलेटिक्समध्ये 'टी' म्हणजे धावणं आणि उड्या, 'एफ' म्हणजे फेकीचे प्रकार. आकड्यातला पहिला अंक अपंगत्वाचा प्रकार सांगतो. दुसरा अंक त्याची तीव्रता सांगतो, आणि सर्वसाधारणपणे तो जितका लहान तितकी अडचण मोठी. पॅरिसला गेलेल्या आपल्याच खेळाडूंवरून हे चटकन लक्षात येईल.

दहाच्या मालिकेत दृष्टिदोष. २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी सिमरन शर्मा टी-१२ मध्ये, म्हणजे तिला थोडं दिसतं. अभय सिंग हा मार्गदर्शक धावपटू तिच्याबरोबर धावला. दोघांच्या हातांत एकच छोटी दोरी असते, पावलं एकाच तालात पडावी लागतात आणि पदक दोघांनाही मिळतं. विसाचा आकडा बौद्धिक अक्षमतेचा. तेलंगणाची दीप्ती जीवनजी टी-२० च्या ४०० मीटरमध्ये ५५.८२ सेकंदांत तिसरी आली. तिसाच्या मालिकेत मेंदूतून येणारा हालचालींचा बेताळपणा. प्रीती पाल टी-३५ मध्ये १०० आणि २०० मीटर, दोन्हींत कांस्य घेऊन आली. पॅरालिम्पिकमध्ये धावण्याच्या शर्यतीतलं भारताचं पहिलं पदक तिचं. उद्घाटनाच्या संचलनात सुमित अंतिलबरोबर तिरंगा धरणारी आपली नांदेडची भाग्यश्री जाधव एफ-३४ ची. या गटात गोळा बसून फेकायचा असतो.

४० आणि ४१ खुज्या उंचीचे. भालाफेकीत सुवर्ण मिळवणारा नवदीप सिंग एफ-४१ मधला. ४२ ते ४४ मध्ये पायाचं अपंगत्व, पण कृत्रिम पाय न लावता. ४५ ते ४७ हातांचे. सचिन इथला आणि नाशिक जिल्ह्यातला धावपटू दिलीप गावीतही. लहानपणी उजवा हात गमावलेला दिलीप टी-४७ च्या ४०० मीटरमध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकला आणि पॅरिसमध्ये अंतिम फेरीत धावला. पन्नाशीची मालिका बसून खेळणाऱ्यांची. भूसुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेला नागालँडचा जवान होकाटो सेमा एफ-५७ मध्ये गोळा फेकतो आणि धरमबीर एफ-५१ मध्ये क्लब, म्हणजे छोट्या मुद्गलासारखं लाकडी साधन.

धरमबीरपाशी थोडं थांबायला हवं, कारण एफ-५१ हा पन्नाशीच्या मालिकेतला सर्वांत गंभीर अपंगत्वाचा गट आहे. मानेच्या मणक्याला इजा झाल्याने या गटातल्या खेळाडूंच्या बोटांत पकड नसते. धरमबीर चिकट गोंद लावून क्लब बोटांत बसवतो. पॅरिसमध्ये त्याच्या पहिल्या चारही फेकी बाद ठरल्या होत्या. पाचवी ३४.९२ मीटरवर गेली आणि सोनं झालं. प्रणव सूरमा त्याच्या मागोमाग, ३४.५९ मीटरवर. ज्यांची बोटं वळत नाहीत त्या दोन भारतीयांनी पहिले दोन क्रमांक घेतले. पथकाच्या सगळ्या कामगिरीत मला हीच सर्वांत थोर वाटते, पण आपल्याकडे तिची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

साठाच्या मालिकेत कृत्रिम पाय लावून खेळणारे. सुमित अंतिल एफ-६४ चा. पॅरिसमध्ये त्याने ७०.५९ मीटरवर भाला फेकला.

इतर खेळांची आपापली पद्धत आहे. नेमबाजीत बंदुकीचा भार स्वतः पेलता येत असेल तर एसएच-१, स्टँडचा आधार लागत असेल तर एसएच-२. अवनी लेखरा एसएच-१ ची आणि टोकियोत चौथा आलेला कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकरही. बॅडमिंटनमध्ये पायाचं अपंगत्व जास्त असेल तर एसएल-३, आणि त्या गटातली एकेरी अर्ध्याच कोर्टवर खेळतात. नितेश कुमारने अंतिम सामन्यात ब्रिटनच्या डॅनियल बेथेलला तिसऱ्या गेममध्ये २३-२१ असं हरवलं ते त्याच अर्ध्या कोर्टवर. तिरंदाजीत मात्र गट अगदी मोजके. म्हणून दोन्ही हात नसलेली, पायाने धनुष्य पेलून खांद्याने प्रत्यंचा ओढणारी शीतल देवी हात असलेल्यांविरुद्धच नेम धरते.

व्हीलचेअर बास्केटबॉलची रीत आणखी वेगळी. तिथे प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण असतात, जास्त हालचाल करता येते त्याला जास्त गुण. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. त्यामुळे गंभीर अपंगत्व असलेल्याला संघात घ्यावंच लागतं, शोभेसाठी नाही, गणितासाठी. हा मला सगळ्यांत सुंदर नियम वाटतो.

आता या व्यवस्थेची कडू बाजू.

टोकियोत २९ ऑगस्ट २०२१ ला विनोद कुमारने एफ-५२ थाळीफेकीत १९.९१ मीटरवर तिसरा क्रमांक मिळवला. देशात पेढे वाटून झाले. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या गटावर आक्षेप घेतला, मंडळाने फेरतपासणी केली आणि त्याला कोणत्याही गटात बसवता येत नाही असा निर्णय दिला. पदक गेलं. ज्या मंडळावर गट ठरवण्याची जबाबदारी, त्याने स्पर्धेच्या एक आठवडा आधी, २२ ऑगस्टलाच, त्याला एफ-५२ दिला होता. गट आधीच, शांतपणे आणि पक्का ठरलेला असणं का गरजेचं आहे, हे यापेक्षा स्पष्ट करणारं उदाहरण नाही.

मुद्दाम फसवणूकही झालेली आहे. २००० च्या सिडनी स्पर्धेत बौद्धिक अक्षमतेच्या गटात बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या १२ पैकी १० खेळाडूंना अशी कोणतीही अक्षमता नव्हती. पदकं परत घेतली, पण खरी शिक्षा भोगली दुसऱ्यांनीच. हा पूर्ण गट पुढच्या दोन पॅरालिम्पिकमधून वगळला गेला आणि २०१२ मध्ये लंडनला परतला. दीप्तीसारख्या कितीतरी मुली त्या काळात घरीच राहिल्या असतील.

कुणाचाही दोष नसताना होणारं नुकसान मात्र याहून जास्त आहे. गट मिळाला म्हणजे स्पर्धा मिळालीच, असं नाही. प्रत्येक गटाला प्रत्येक क्रीडाप्रकार देणं शक्य नसतं, त्यामुळे प्रत्येक पॅरालिम्पिकसाठी यादी नव्याने ठरते. देवेंद्र झाझरियाने २००४ मध्ये अथेन्सला भालाफेकीत ६२.१५ मीटरवर सुवर्ण जिंकलं. त्यानंतर बीजिंगमध्ये त्याच्या गटाची भालाफेक नव्हती. लंडनमध्येही नव्हती. जगात अव्वल असलेला माणूस बारा वर्षं वाट पाहत राहिला आणि २०१६ मध्ये रिओला ६३.९७ मीटर फेकून पुन्हा सुवर्ण घेऊन आला. त्याच एफ-४६ भालाफेकीत टोकियोत आणि पॅरिसमध्ये मिळून भारताने चार पदकं जिंकली. प्रकार यादीत राहिला म्हणून एक पूर्ण पिढी त्याच्याकडे वळली.

मुंबईत वाढलेल्या मानसी जोशीचंही असंच. २०११ मध्ये रस्ता अपघातात तिने डावा पाय गमावला आणि २०१९ मध्ये बासेलला ती एसएल-३ एकेरीत जगज्जेती झाली. टोकियोत बॅडमिंटन पहिल्यांदाच पॅरालिम्पिकमध्ये आलं, पण यादीत महिलांची एसएल-३ एकेरी नव्हती. जगज्जेती असूनही तिला तिच्याच प्रकारात खेळायची जागा नव्हती. तो प्रकार आला पॅरिसमध्ये, पाच वर्षांनंतर.

कधी दोन गट एकत्र खेळवले जातात. सुमितच्या भालाफेकीत एफ-६४ बरोबर एफ-४४ चेही खेळाडू असतात. उंच उडीत २.०८ मीटरचं सुवर्ण जिंकणारा प्रवीण कुमार स्वतः टी-४४ चा, पण स्पर्धेचं नाव टी-६४. त्यामुळे निकालपत्रावर स्पर्धेचा गट आणि खेळाडूचा गट वेगळा दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

हे सगळं लक्षात घेऊन पॅरिसची पदकतालिका पुन्हा वाचा. ८४ खेळाडू, १२ खेळ, ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य, अठरावं स्थान. रिओत १९ खेळाडू आणि ४ पदकं होती, टोकियोत ५४ खेळाडू आणि १९ पदकं. ही झेप खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण २९ पैकी १७ पदकं एकट्या ॲथलेटिक्सची. बॅडमिंटनची ५, नेमबाजीची ४, तिरंदाजीची २, ज्युदोचं १. बाकी सात खेळांत शून्य.

आणि जलतरण? पॅरिसमध्ये जलतरणात १४१ सुवर्णपदकं होती. ॲथलेटिक्सनंतर सर्वांत मोठा खजिना. भारताचा जलतरणपटू गेला होता एक. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेला सोलापूर जिल्ह्यातला सुयश जाधव, एस-७ गटाच्या ५० मीटर बटरफ्लायमध्ये. पदकतालिकेत पहिल्या आलेल्या चीनची २२० पदकं आणि आपली २९, यांतल्या अंतराचा मोठा भाग या पाण्यात आहे.

मन खट्टू होतं ते यासाठी की भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण पाण्यातलंच होतं. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, सैन्यातले मुष्टियोद्धे, १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्ण जिंकलं, तोही विश्वविक्रम करून. त्यानंतर आजवर पॅरालिम्पिक जलतरणात भारताला एकही पदक मिळालेलं नाही.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. भाला घेऊन शेतात सराव करता येतो. पोहायला तलाव हवा, तिथवर पोहोचायला उतार हवा, कपडे बदलायच्या खोलीत व्हीलचेअर शिरेल इतका दरवाजा हवा. तालुक्याच्या ठिकाणी तलाव असला तरी त्याच्या पायऱ्या उतरणार कशा? शिवाय जलतरणातला गट ठरवताना टेबलावरच्या तपासणीनंतर खेळाडूला पाण्यातही उतरवून पाहतात. पोहण्याचे प्रकार वेगळे तसे गटही वेगळे, फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायसाठी 'एस', ब्रेस्टस्ट्रोकसाठी 'एसबी'. हे सगळं माहीत असणारा प्रशिक्षक जिल्ह्यात एखादा मिळाला तरी नशीब.

दुसरी अडचण खर्चाची. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला गट देशापुरताच चालतो. आंतरराष्ट्रीय गट मिळवायला मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा परदेशी. अजून एकही पदक नसलेल्या, प्रायोजक नसलेल्या मुलाने विमानाचे पैसे आणायचे कुठून? म्हणूनच मार्च २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेली जागतिक पॅरा ॲथलेटिक्स ग्रां प्री आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथेच भरलेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा महत्त्वाची. अजिंक्यपदात भारताने २२ पदकं जिंकली ती बातमी झालीच. पण गट ठरवणारी आंतरराष्ट्रीय मंडळं आपल्या दारी आली, हे त्यातलं जास्त टिकाऊ काम. जलतरणासाठी अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा बालेवाडीच्या तलावावर का होऊ नये, असा प्रश्न क्रीडा खात्याला आत्ता विचारायला हवा. पुढची पॅरालिम्पिक लॉस एंजेलिसला १५ ऑगस्ट २०२८ पासून आहे, आणि तिथे पोहायचं असेल तर मुलाचा गट त्याच्या बराच आधी ठरलेला असावा लागेल.